पोटातल्या बाळाचे ठोके: एनएसटी आणि सीटीजीवर किती विसंबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण, ३६ वा आठवडा चालू, बाळाची वाढ थोडी मागे म्हणून आठवड्यातून दोनदा एनएसटी (कळा नसताना पोटावर पट्टे बांधून काढलेला बाळाच्या ठोक्यांचा ग्राफ) आणि अधूनमधून डॉपलर (बाळाच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) सांगितलंय. मागच्या वेळी एनएसटी आधी ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ (ठोक्यांचा वेग मधूनमधून हवा तसा वाढला नाही) आली आणि अर्ध्या तासानं चांगली आली. बाळंतपणात पूर्ण वेळ सीटीजी, म्हणजे ठोके आणि कळा एकत्र नोंदवणारं मशीन, लावणार आहेत. तर या तपासण्या कितपत खऱ्या, मशीन चुकतं का, आणि ठोके ‘पडले’ म्हटलं की सिझर ठरलेलंच का?

आधी मुद्द्याचं. ग्राफ चांगला असेल तर बाळ या घडीला ठीक आहे, हे बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. ग्राफ बिघडलेला असेल तर बाळ संकटात आहेच, असं म्हणता येत नाही. बरेचदा बाळ झोपलेलं असतं, आईला दिलेल्या औषधाचा परिणाम असतो, नाहीतर प्रोब, म्हणजे पोटावर बांधलेली मशीनची चकती, सरकलेला असतो. म्हणून बिघडलेल्या ग्राफनंतर पुढची तपासणी करायची असते, निकाल द्यायचा नसतो. तुमच्या बाबतीत अर्ध्या तासात जो फरक पडला तो बहुधा झोपेचाच.

असं का होतं, हे मशीन काय मोजतं त्यावरून कळतं. ते बाळाचा ऑक्सिजन मोजत नाही. ते फक्त ठोके मोजतं, आणि ठोक्यांच्या चालीवरून मेंदूला ऑक्सिजन पुरतोय का याचा अंदाज आपण बांधतो. मेंदूच्या तळाकडून येणाऱ्या नसांचा एक संच हृदयाचा वेग वाढवू बघतो, दुसरा कमी करू बघतो. ही ओढाताण क्षणोक्षणी चालू असते, त्यामुळे निरोगी बाळाची रेष सपाट नसते, बारीक दातेरी असते. मेंदूला ऑक्सिजन कमी पडू लागला की हे दाते बोथट होतात. पण ते गाढ झोपेतही बोथट होतात. आईला मॅग्नेशियम सल्फेट (झटके टाळण्याचं औषध) किंवा पेथिडिन (कळा सोसण्यासाठीचं वेदनाशामक) दिल्यावर होतात, फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस होतात, आणि ३२ आठवड्यांच्या आत मज्जासंस्थाच पुरती पिकलेली नसते म्हणून दाते मुळातच लहान असतात. एका लक्षणामागे इतकी कारणं असली की आठवडे किती, औषधं कोणती आणि आधीचा ग्राफ कसा होता हे माहीत नसताना नुसता ग्राफ वाचणं म्हणजे अंदाजपंचे काम.

दुसरी गोष्ट शिल्लकीची. बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो. कळ आली की गर्भाशयाचा स्नायू आवळतो, वारेकडे जाणारं रक्त काही सेकंद अडतं आणि कळ ओसरली की पुन्हा वाहू लागतं. पूर्ण वाढीचं, चांगल्या वारेचं बाळ अशा शेकडो कळा सहज सोसतं. वाढ मागे असलेल्या बाळाची वार आधीच कमी पडत असते, म्हणजे त्याची शिल्लक मुळात थोडी. म्हणूनच तुम्हाला तपासण्या जास्त सांगितल्या आहेत आणि कळांमध्ये पूर्ण वेळ मशीन सांगितलंय. तुमच्यासाठी हे दोन्ही योग्य आहे.

आता घरची तपासणी, म्हणजे हालचाल. कुठल्याही यंत्राआधी ही येते आणि हिची किंमत कमी लेखली जाते. पहिलटकरणीला हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांना जाणवू लागते, वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. ३२ आठवड्यांपर्यंत ती वाढत जाते आणि पुढे तेवढीच टिकते. ‘दिवस भरत आले की पोटात जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं’ हे घरोघरी सांगितलं जातं आणि ते चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी वळणं आणि सरकणं जास्त जाणवतं, पण बाळ शांत होत नाही. या एका समजुतीमुळे नेमक्या धोक्याच्या आठवड्यांत बायका घरी थांबतात.

मोजायचं असेल तर जेवणानंतर किंवा बाळ एरवी जागं असतं त्या वेळी डाव्या कुशीवर पडून, टीव्ही आणि फोन बाजूला ठेवून मोजा. २ तासांत १० हालचाली हा जुना, सोपा मापदंड आहे, आणि बहुतेक बाळं तो कितीतरी आधी पूर्ण करतात. पण आकड्यापेक्षा स्वतःच्या बाळाची रोजची सवय महत्त्वाची. रोज रात्री धुमाकूळ घालणारं बाळ आज १० वेळा मलूल हललं, तर आकडा पूर्ण झाला तरी तो बदलच आहे. हालचाल मोजल्यानं मृत्यू टळतात का, हेही तपासून झालंय. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ४ लाखांवर गरोदरपणांचा ‘ॲफर्म’ हा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईला जागरूक करणं आणि ठरावीक पद्धतीनं तपासणी करणं यांमुळे पोटातल्या मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही, कळा सुरू करण्याचं आणि सिझरचं प्रमाण मात्र वाढलं. म्हणून दर तासाला मोजत बसू नका. पण हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जाऊन ठोके तपासून घ्या. थंड सरबत पिऊन किंवा गोड खाऊन वाट बघत बसण्यात वेळ जातो. साखरेनं बाळ ‘जागं’ होतं याला पुरावा नाही, पोट हलवूनही होत नाही.

घरी वापरायचा, ठोके ऐकवणारा छोटा डॉपलर विकत घ्यावा का, हेही लोक विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. त्या यंत्रात आईच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा आणि वारेचा आवाजही येतो, आणि नवख्या कानाला तो बाळाचाच वाटतो. शिवाय ठोके ऐकू आले याचा अर्थ बाळ जिवंत आहे एवढाच. त्याची शिल्लक संपत आली आहे का, हे आवाजावरून कळत नाही. ‘ठोके लागले, उद्या जाऊ’ असं म्हणून जो दिवस गेला, तोच हवा होता असं पुढे ठरू शकतं.

एनएसटी आता जरा जवळून बघू. आईला पूर्ण उताणं झोपवायचं नाही. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, आईचा रक्तदाब उतरतो आणि चांगल्या बाळाचाही ग्राफ बिघडतो. अर्धवट बसतं करून डाव्या बाजूला थोडा कल द्यायचा. लघवी करून यायचं, आणि सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, नाडी व ताप बघायचा. मग पोट चाचपून बाळाची पाठ शोधायची, कारण ठोके पाठीकडून सगळ्यात स्वच्छ मिळतात. डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली एका बाजूला, पायाळू असेल तर बेंबीच्या पातळीवर किंवा वर. ठोक्यांच्या प्रोबला जेल लागतं. कळांच्या प्रोबला, म्हणजे टोकोला, जेल लावायचं नसतं. तो गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी, पोट टणक होतं तिथे पट्ट्यानं बांधायचा आणि पोट सैल असताना बटण दाबून रेष तळाला आणायची. टोको कळ कधी आली आणि किती वेळ टिकली एवढंच सांगतो. कळेचा जोर तो मोजत नाही. पट्टा घट्ट असेल तर लहान कळही डोंगराएवढी दिसते. जोर बघायला हात पोटावरच ठेवावा लागतो.

एकदा तरी आईची मनगटातली नाडी आणि मशीनचा आवाज एकाच वेळी तपासायचे. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. का करायचं, ते पुढे येईलच.

मूळ वेग मिनिटाला ११० ते १६० असावा. दात्यांची उंची ५ ते २५ ठोक्यांच्या दरम्यान. ३२ आठवड्यांनंतर २० मिनिटांत किमान दोनदा वेग १५ ठोक्यांनी वाढून ती वाढ १५ सेकंद टिकली, तर ग्राफ ‘रिॲक्टिव्ह’. ३२ आठवड्यांच्या आत १० ठोके आणि १० सेकंद पुरतात. २० मिनिटांत असं झालं नाही तर ४० मिनिटांपर्यंत थांबायचं, कारण बाळाची शांत झोप साधारण २० ते ४० मिनिटं चालते. पोटावर कंपनाचं उपकरण एक-दोन सेकंद लावून बाळाला जागं करतात, त्यानं तपासणी लवकर आटपते. २० व्या मिनिटाला ग्राफ फाडून ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ लिहिणं आणि आईला घाबरवणं हा निव्वळ अधीरपणा.

ग्राफ रिॲक्टिव्ह आला की निश्चिंत किती दिवस? एनएसटी नॉर्मल आल्यावर पुढच्या आठवड्यात पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण हजारी सुमारे २ आहे. सोबत गर्भजल बघितलं तर ते हजारी १ च्याही खाली येतं. म्हणून धोका असलेल्या बाळात नुसत्या एनएसटीवर थांबत नाहीत. आणि हे सगळं हळूहळू येणाऱ्या त्रासाला लागू आहे. वार अचानक सुटली किंवा नाळ पिळली गेली, तर सकाळचा उत्तम ग्राफ संध्याकाळची हमी देत नाही. रक्तस्राव, न सैलावणारं टणक पोट, पाणी जाणं, हालचाल मंदावणं यांपैकी काहीही झालं तर ‘कालच एनएसटी केली होती’ हे कारण चालत नाही.

डॉपलरबद्दल. नाळेच्या धमनीत, हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतही रक्त वारेकडे पुढे वाहत राहिलं पाहिजे. वारेतल्या रक्तवाहिन्या कमी झाल्या की अडथळा वाढतो. आधी हा मधला प्रवाह घटतो, मग थांबतो, आणि शेवटी उलटा फिरतो. प्रवाह थांबला असेल तर बहुतेक मार्गदर्शक सूचना बाळंतपण ३४ आठवड्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत. उलटा झाला असेल तर ३२ च्या पुढे नाही. तुम्ही ३६ आठवड्यांत आहात, आणि इथे एक बारकावा आहे. ३२ आठवड्यांनंतर दिसणाऱ्या वाढखुंटीत नाळेचा डॉपलर नॉर्मल असूनही बाळ तंगीत असू शकतं. अशा वेळी मेंदूची धमनी बघतात. ऑक्सिजन कमी पडला की बाळ बाकीच्या अवयवांचं रक्त कमी करून मेंदूला जास्त देतं, मेंदूतला अडथळा कमी झालेला दिसतो. म्हणून रिपोर्टमध्ये फक्त नाळेचे आकडे असतील तर मेंदूच्या धमनीचं आणि दोन्हींच्या गुणोत्तराचं विचारा. त्याच धमनीतला रक्ताचा कमाल वेग दुसऱ्याच कारणासाठी उपयोगी पडतो: तो त्या आठवड्याच्या मध्यमानाच्या दीडपट झाला तर बाळाला रक्तक्षय असल्याचा संशय घेतात.

गर्भजलाचं मोजमाप दोन तऱ्हांनी होतं. चार कप्प्यांची बेरीज, ५ सेंटिमीटरच्या आत आली तर कमी. किंवा सगळ्यात खोल एक कप्पा, २ सेंटिमीटरच्या आत आला तर कमी. बेरजेच्या पद्धतीनं ‘पाणी कमी’ असा शिक्का जास्त बायकांवर बसतो, कळा जास्त सुरू केल्या जातात, आणि बाळांचा त्यात फायदा दिसत नाही. एका कप्प्याची पद्धत बरी. बायोफिजिकल प्रोफाइल म्हणजे याच सगळ्याचे एकत्र गुण: श्वासाची हालचाल, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताण, पाणी आणि एनएसटी, प्रत्येकी २. सोनोग्राफीला ३० मिनिटांपर्यंत वेळ द्यावा लागतो. ८ किंवा १० चांगले, ६ आले तर पुन्हा बघायचं, ४ किंवा कमी आले तर बहुधा बाळंतपण. पाणी कमी असेल तर एकूण गुण चांगले असूनही वेगळा विचार करतात.

आता लेबर रूम.

कळांमध्ये ठोके बघण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, ठरावीक वेळानं कानानं ऐकणं, पिनार्डच्या नळीनं किंवा हातातल्या डॉपलरनं. दुसरी, सीटीजी मशीन सलग लावून ठेवणं. ज्या बाईला काही धोका नाही, कळा आपोआप आल्या आहेत, पाणी स्वच्छ आहे, तिच्यासाठी पहिली रीत पुरेशी आहे. दोन्हींची तुलना करणाऱ्या १३ चाचण्या, ३७ हजारांवर स्त्रिया, यांचा एकत्र आढावा सांगतो की सलग मशीननं नवजात बाळाला झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मृत्यूत किंवा सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं कायमचं अपंगत्व) फरक पडत नाही, आणि सिझर मात्र दीडपटीहून जास्त वाढतात. झटके मुळात विरळ असतात, त्यामुळे ही देवाणघेवाण बिनधोक्याच्या बाईला परवडत नाही. भरती होताना सगळ्यांनाच ‘सुरुवातीचे २० मिनिटं’ मशीन लावायची पद्धत आहे, तिचाही बिनधोक्याच्या बायकांना फायदा दिसलेला नाही. जिथे धोका आहे, म्हणजे वाढ मागे, आईचा रक्तदाब वाढलेला, पाण्यात बाळाची शी, ताप, कळांचं इंजेक्शन चालू, आधीचं सिझर, तिथे सलग मशीनच लावायचं.

कानानं ऐकण्याची रीत नीट केली तरच ती पुरेशी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन कळांच्या मध्ये १५ सेकंद ऐकून चारनं गुणणं. त्यात ठोके उतरले असतील तर सापडतच नाहीत. कळ संपत आली की ऐकायला सुरुवात करायची आणि पूर्ण एक मिनिट ऐकायचं, कारण वार कमी पडत असेल तर ठोके कळ ओसरतानाच उतरतात. हे पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर लावायच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी करायचं. ११० च्या खाली किंवा १६० च्या वर लागले, किंवा कळेनंतर उतरले, तर पुढच्या दोन-तीन कळा लागोपाठ ऐकायच्या, आणि तसंच राहिलं तर मशीन लावायचं.

‘ठोके पडले’ हा शब्द घरच्यांना जितका भेडसावतो तितका त्याचा अर्थ नेमका नसतो. कुठे पडले, कसे पडले, कसे परत आले, यावर सगळं आहे. कळेबरोबर हळूच उतरून कळेबरोबरच वर आले तर बाळाचं डोकं दाबलं जातंय, एवढंच. नाळ दबली तर चित्र वेगळं. आधी नाळेतली शीर दबते, कारण तिची भिंत पातळ, आणि ठोके क्षणभर वाढतात. मग धमन्या दबतात, बाळाचा रक्तदाब चढतो आणि ठोके ३० सेकंदांच्या आत धाडकन खाली येतात. दाब सुटला की तितक्याच झपाट्यानं वर, आणि पुन्हा क्षणभर मूळ वेगाच्या वर. उतरणीच्या दोन्ही बाजूंना दिसणारे हे ‘खांदे’ म्हणजे बाळ अजून खमकं असल्याची खूण. खांदे गेले, उतरण मिनिटापेक्षा लांबली, परत यायला वेळ लागू लागला, तर शिल्लक कमी होतेय. तिसरी तऱ्हा चिंतेची: उतरण सावकाश सुरू होते, तिचा तळ कळेच्या शिखरानंतर येतो आणि कळ संपल्यावरही ठोके लगेच वर येत नाहीत. ही वारेची तऱ्हा. दाते चांगले असतील तर थोडा अवकाश असतो. दाते बोथट असतील तर नाही.

हळूहळू वाढणाऱ्या ऑक्सिजनच्या कमतरतेचा एक क्रम असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. आधी वेग वाढण्याचे टप्पे दिसेनासे होतात. मग उतरणी खोल आणि रुंद होत जातात. मग मूळ वेग चढतो, १३० चा १५० होतो, पुढे १६५. त्यानंतर दाते बोथट होतात आणि अगदी शेवटी वेग पायरीपायरीनं कोसळतो. १५० हा आकडा कागदावर ‘नॉर्मल’ असतो, म्हणूनच तो फसवतो. चार तासांपूर्वी याच बाळाचा वेग १३० होता हे बघितल्याशिवाय ती चढण दिसत नाही. एकेका तुकड्याला नॉर्मल-ॲबनॉर्मल म्हणत बसण्यापेक्षा पहिला आणि आत्ताचा ग्राफ शेजारी ठेवून बघावा.

लाटेसारखी गुळगुळीत, मिनिटाला ३ ते ५ वेळा वरखाली होणारी, सलग २० मिनिटांहून जास्त चाललेली रेष मात्र वेगळ्या रांगेतली आहे. तीव्र रक्तक्षयात, म्हणजे आरएच विसंगतीत (आई आणि बाळाचे रक्तगट न जुळणं) किंवा बाळाचं रक्त आईकडे गेलेलं असताना ती दिसते, आणि तिथे थांबायचं नसतं.

मशीन चुकतं का? चुकतं, आणि ठरलेल्या जागी चुकतं. सगळ्यात घातक चूक आईची नाडी बाळाचे ठोके म्हणून छापण्याची. जोर लावायच्या टप्प्यात बाळ खाली सरकतं, प्रोब जुन्या जागी राहतो आणि आईच्या रक्तवाहिनीचा आवाज पकडतो. कळा देताना आईची नाडी सहज १२० ते १४० वर जाते, म्हणून आकड्यावरून शंका येत नाही. ओळखायची खूण अशी: प्रत्येक कळेला, प्रत्येक जोराला ठोके वाढताना दिसतात. या टप्प्यात बाळाचे ठोके कळेला उतरणं नेहमीचं, वाढणं विरळ. आधी उतरणी येत होत्या आणि आता अचानक ग्राफ ‘सुधारला’ असेल तर आधी आईच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावा. दोन आकडे जुळले तर प्रोब खाली सरकवा, सोनोग्राफीनं हृदय बघा किंवा बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावा. आईला एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, जननेंद्रियावर हर्पीस असेल, बाळाला रक्त न गोठण्याचा आजार असण्याची शक्यता असेल किंवा ३४ आठवडे भरले नसतील तर हा इलेक्ट्रोड लावत नाहीत.

दुसरी चूक दुपटीची. बाळाचा वेग ७० पर्यंत कोसळला की मशीन प्रत्येक ठोक्याचे दोन भाग दोन ठोके समजून १४० दाखवू शकतं. उलट, २४० च्या वर धावणारं हृदय १२० दाखवलं जातं. रेष अचानक उडी मारून बरोबर दुप्पट किंवा निम्मी झाली, तर कानानं ऐका. जुळ्यांत दोन्ही प्रोब एकाच बाळावर बसणं हीदेखील नेहमीची गोष्ट. दोन रेषा ठोक्याला ठोका जुळून चालल्या तर शंका घ्या. आणि कागदाचा वेग. बऱ्याच ठिकाणी तो मिनिटाला १ सेंटिमीटर असतो, अमेरिकेत आणि जपानमध्ये ३. एका वेगाला सरावलेल्या डोळ्याला दुसऱ्या वेगावर दाते आणि उतरणी वेगळ्याच दिसतात. यंत्र दुरुस्त होऊन आलं की ही सेटिंग आधी बघावी.

ठोके उतरल्यावर सिझर हा पहिला उपाय नाही. पहिल्यांदा आईला कुशीवर वळवतात, एका कुशीनं फरक पडला नाही तर दुसऱ्या. कळांचं इंजेक्शन चालू असेल तर ते बंद. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा येत असतील तर बाळाला मध्ये दम खायला मिळत नाही, आणि कित्येकदा दोष फक्त तेवढाच असतो. एपिड्युरलनंतर (पाठीतून दिलेलं वेदना थांबवणारं इंजेक्शन) रक्तदाब उतरला असेल तर सलाईन आणि गरजेनुसार औषध. आतून तपासून नाळ बाहेर आलेली नाही ना, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, हे बघतात. कळा थांबवण्यासाठी टर्ब्युटालीन ०.२५ मिलिग्रॅम कातडीखाली देता येतं. आईला मास्कनं ऑक्सिजन देण्याची जुनी सवय अजून दिसते. आईचा ऑक्सिजन उत्तम असेल तर त्यानं बाळाला फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि मास्क चढवला की काहीतरी केल्याचं समाधान होऊन खरं कारण शोधायचं मागे पडतं. आतून तपासताना बाळाच्या डोक्याला बोटानं हलकं चोळल्यावर ठोके १५ नं वाढले, तर त्या क्षणी बाळाच्या रक्तात धोकादायक आम्ल साचलेलं असण्याची शक्यता कमी. साधी, बिनखर्चाची आणि फार उपयोगी खूण.

काही ठिकाणी बाळाच्या डोक्याच्या कातडीतून रक्ताचा थेंब घेऊन पीएच बघतात, म्हणजे रक्तातल्या आम्लाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. ७.२५ किंवा जास्त ठीक, ७.२१ ते ७.२४ असेल तर अर्ध्या तासात पुन्हा, ७.२० किंवा कमी असेल तर बाळ बाहेर काढायचं.

ठोके ८०-९० वर येऊन तिथेच बसले तर मात्र घड्याळ बघून काम चालतं. ३ मिनिटं झाली की मदतीला सगळ्यांना बोलवायचं, ६ व्या मिनिटापर्यंत कारण शोधून वरचे उपाय करायचे, ९ व्या मिनिटापर्यंत वर येण्याची चिन्हं नसतील तर थिएटरकडे निघायचं, आणि १५ व्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर. वार सुटली असेल, नाळ बाहेर आली असेल किंवा जुन्या सिझरचा टाका उसवला असेल तर मिनिटंही मोजायची नाहीत, थेट निघायचं. तेव्हा कोणी पाच मिनिटं बसून समजावलं नाही म्हणून राग धरू नका. नंतर विचारायचा हक्क तुमचा आहेच.

बाळ जन्मल्यावरही ही तपासणी पुरी झालेली नसते. ग्राफ बिघडलेला होता किंवा बाळ लगेच रडलं नाही, तर नाळेचा एक तुकडा दोन्ही टोकांना चिमटे लावून बाजूला ठेवतात आणि धमनी व शीर या दोन्हींतलं रक्त वेगवेगळं तपासतात. नाळेत दोन बारीक धमन्या आणि एक जाड शीर असते. घाईत दोन्ही नमुने शिरेतलेच घेतले जातात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो, कारण शिरेतलं रक्त वारेकडून ताजं आलेलं असतं. दोन्ही पीएच अगदी सारखे आले तर हीच शंका घ्यायची. धमनीचा पीएच ७.० च्या खाली आणि अल्कलीचा तुटवडा-आकडा, म्हणजे बेस डेफिसिट, १२ किंवा जास्त असेल तर मेंदूला इजा झाल्याची शक्यता गंभीरपणे घेतात. मेंदूच्या इजेची लक्षणं दिसणाऱ्या, पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांच्या बाळाला थंड ठेवण्याचा उपचार आहे: ७२ तास, ३३.५ अंश सेल्सियसच्या आसपास. तो जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. ती सोय तुमच्या रुग्णालयात नसेल तर बाळ हलवायला लागणारा वेळही त्या ६ तासांतच मोजायचा, म्हणून असं बाळ कुठे पाठवतात हे भरती होतानाच विचारून ठेवा. आणि फाइल घरी नेताना ग्राफची झेरॉक्स किंवा स्कॅन करून घ्या. तो कागद उष्णतेनं छापणारा असतो, काही वर्षांत रेषा पुसट होतात, आणि पुढच्या बाळंतपणात नेमका हाच ग्राफ डॉक्टर मागतात.